राखलेले दोन घास

जेवण संपत आलं की आमचे बाबा एकदा भाताच्या भांड्याकडे बघायचे. बाबा म्हणजे माझे सासरे, दत्तात्रय. मान फारशी वळायची नाही. नुसती नजर तिकडे जायची, क्षणभर थांबायची आणि परत ताटात यायची. मग ते हात उचलून म्हणायचे, "पुरे." भुकेपेक्षा दोन घास कमी जेवायचं, हा त्यांचा पहिला नियम. ते दोन घास त्यांना हवे असायचे, म्हणून तर नजर जायची. आणि हवे असताना सोडायचे, यातच त्यांना जेवल्याचं समाधान होतं.

भांड्यात राहिलेले ते दोन घास आईंच्या ताटात जायचे. आई, म्हणजे माझ्या सासूबाई मीनाक्षी, सगळ्यांच्या शेवटी बसायच्या. तोही एक नियमच, फक्त कुणी कधी बोलून न दाखवलेला. अन्न टाकायचं नाही हा बाबांचा दुसरा नियम. म्हणजे पहिला नियम बाबांनी पाळायचा आणि त्यापायी दुसरा आईंनी. लग्न होऊन आले त्याच महिन्यात मी हे माझ्या नवऱ्याला, सलीलला, बोलून दाखवलं, तर तो म्हणाला की तू फार बारीक बघतेस. बघते. कुणीतरी बघायला हवं ना घरात.

बाबा केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. नोकरीच्या शेवटी बदली होऊन कोलकात्याला आले आणि इथूनच निवृत्त झाले. पुण्याला परत जायचं ठरतच होतं, तेवढ्यात सलीलला सेक्टर फाइव्हमध्ये नोकरी लागली, मग मी आले, मग आभा झाली, आणि पुणं राहून गेलं. सॉल्ट लेकमधल्या आमच्या घरात ज्वारीचं पीठ अजून पुण्याहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या बॅगेतून येतं. बाकी सगळं बाबांनी इथलं आपलंसं करून घेतलं होतं. मेट्रो झाल्यापासून तर आठवड्यातून एकदा ते पिशवी घेऊन सियालदहच्या घाऊक भाजीबाजारात जायचे. ज्या भाजीचे ढीग लागलेत ती घ्यायची, जी मोजकीच दिसते तिच्या वाटेला जायचं नाही, हा त्यांचा बाजाराचा नियम. पडवळ, लाल माठ, केळफूल. श्रावणात फ्लॉवर आणलेला त्यांना खपायचा नाही.

नियम खूप होते, पण बाबा ते कुणाच्या डोक्यावर मारायचे नाहीत, हे कबूल करायला हवं. दिवेलागणीच्या आत रात्रीचं जेवण, ताक दुपारी आणि रात्री दही नाही, पाणी जेवताना घोटघोट, घास नीट चावून. भूक नसेल तर मुळीच जेवायचं नाही. पोटाला सुटी दिली की भूक आपली आपण परत येते. हे सगळं ते करायचे, आणि दुसऱ्याने विचारलं तरच सांगायचे. मी ऑफिसातून रात्री आठला यायचे, माझं ताट झाकलेलं असायचं, आणि बाबा एक अक्षर बोलायचे नाहीत. फक्त शतपावली घालताना माझ्या ताटाकडे बघून हलकेच उसासा टाकायचे. मला त्या उसाशाचा बोलण्यापेक्षा जास्त राग यायचा.

बंगाली शेजाऱ्यांचं आणि बाबांचं एका बाबतीत फार जमलं. समोरच्या काकीमांच्या घरी जेवणाची सुरुवात कडू पदार्थाने होते. कारलं, शुक्तो नावाची कडसर भाजी, चैत्रात कोवळा कडुलिंब आणि वांगं तळून. हे कळलं तेव्हा बाबा इतके खूश झाले की आम्ही वर्षातून एकदा पाडव्याला कडुलिंब खातो आणि यांनी त्याचं जेवणच केलंय, असं भेटेल त्याला सांगत सुटले. तेव्हापासून आमच्याही ताटात आधी काहीतरी कडू यायला लागलं. आभा लहानपणी ते जिभेवर ठेवून रडायची. आता अकरा वर्षांची आहे, आणि कडू नसलं तर तिला जेवण सुरू झाल्यासारखंच वाटत नाही.

कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळात बाबांना सगळे गमतीने 'दोन घास' म्हणायचे. मंडळाचे कार्यवाह श्यामराव तर पंगतीत मोठ्याने ओरडायचे, "दोन घासांना वाढू नका हो, त्यांचं पोट भरायला आलंय." बाबा हसायचे. बदलीवर आलेली माणसं, बँकेतली, सरकारी कंपन्यांतली, पोटं सुटलेली, साखरेच्या गोळ्या घेणारी. त्यांच्यात बाबा काडीसारखे ताठ. सत्तरी ओलांडली तरी औषधाची एक गोळी नाही. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि आम्हालाही होता.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात बाबांचं ताट लहान झालं. एकदम नाही. दोन पोळ्यांची दीड झाली, दीडची एक. आईंनी विचारलं तर म्हणाले, वय वाढलं की ताट लहान व्हायला हवं. हे बरोबरच वाटलं. मग त्यांनी पोळी सोडून गोविंदभोग तांदळाचा मऊ भात सुरू केला. उन्हाळ्यात हलकं खावं, तेही बरोबर. मग संध्याकाळचं जेवण सोडलं. सूर्य मावळल्यावर पोटाला विश्रांती. मी ऑफिसात एका मैत्रिणीला हे सांगितलं तर तिने फोनवरचं काहीतरी दाखवलं, की म्हणे आता जगभर हेच चाललंय, सोळा तास उपाशी राहतात. मी घरी येऊन बाबांना तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली.

काकीमांनी मात्र दारात उभं राहून आईंना विचारलं होतं, दादा किती वाळलेत, बरं आहे ना. आईंनी हसून सांगितलं की त्यांचं असंच असतं, ते मोजूनमापून खातात. काकीमा परत गेल्या, पण दुसऱ्या दिवशी संदेश मिठाईचा डबा घेऊन आल्या. बाबांनी एक संदेश अर्धा केला आणि अर्धा परत ठेवला. आम्ही कौतुकाने बघितलं. दुसऱ्या कुणाच्या घरात म्हातारा माणूस जेवण टाकायला लागला तर त्याला ओढत दवाखान्यात नेलं असतं. आमच्या घरात त्याला शाबासकी मिळाली. मला आजही राग येतो तो याचाच. कुणावर राग काढायचा तेवढं कळत नाही.

एवढ्या काळात आणखी एक गोष्ट होत होती. बाबांच्या पट्ट्याला सलीलने दाभणाने नवं भोक पाडून दिलं होतं, आणि आईंच्या हातातल्या बांगड्या मनगटात रुतायला लागल्या होत्या. भांड्यात आता दोन घास राहत नव्हते, अर्धं जेवण राहत होतं, आणि टाकायचं नाही म्हणून ते सगळं आईंच्या ताटात जात होतं. बाबा उतरत होते आणि आई चढत होत्या. आभाने एकदा हे तिच्या बंगालीमिश्रित मराठीत बोलून दाखवलं, "आजोबांचं सगळं जेवण आजीच्या आत जाऊन बसलंय." आम्ही हसलो. आईसुद्धा हसल्या.

गणपतीत मंडळाने बाबांचं भाषण ठेवलं. विषय श्यामरावांनीच ठरवला, आपलं रोजचं जेवण. बाबांनी ठेवणीतला झब्बा काढला. तो अंगावर हँगरला टांगल्यासारखा दिसत होता, पण टोपी आणि उपरण्यात ते झाकलं गेलं. भाषण खरंच सुंदर झालं. ते म्हणाले की आपल्या आज्या आहारशास्त्र शिकल्या नव्हत्या, पण ताटात डावीकडे थोडं आणि उजवीकडे जास्त का, हे त्यांना माहीत होतं. चटणी, कोशिंबीर चिमटीने वाढायची, भाजी आणि वरण पळीने. ताट वाढतानाच प्रमाण ठरून जायचं, वेगळं काही मोजावं लागायचं नाही. सणाला गोड खा, पण रोजचा दिवस सण करू नका. आणि पोटात थोडी जागा ठेवा, अन्नाला हलायला जागा लागते. शेवटी श्यामरावांनी माइकवर विचारलं की या वयात वजन असं आटोक्यात ठेवायचं रहस्य काय. बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "दोन घास." टाळ्या पडल्या.

मग पंगत बसली. उकडीचे मोदक होते. मंडळातल्या बायकांबरोबर आई वाढत होत्या. बाबांच्या पानात त्यांनी एक मोदक ठेवला, वर तूप सोडलं. बाबांना आयुष्यात फक्त एका पदार्थापुढे नियम सांभाळताना त्रास व्हायचा, तो म्हणजे हा. दरवर्षी दुसरा मोदक संपवून ते तिसऱ्यासाठी परातीकडे बघायचे, आणि आई मुद्दाम परात त्यांच्यासमोरून सावकाश न्यायच्या. दोघांचा तो खेळच होता. या वर्षीही आई परात घेऊन सावकाश गेल्या. बाबांनी वर बघितलंच नाही. पानातल्या मोदकाची पारी बोटाने फोडून त्यांनी सारण थोडं इकडे, थोडं तिकडे केलं, आणि शेजारी बसलेल्या श्यामरावांशी पावसाबद्दल बोलत राहिले. आई परात घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. मागून कुणीतरी त्यांना पुढे व्हा म्हणालं.

घरी आल्यावर आई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पण जेवताना त्या बाबांच्या समोर बसायला लागल्या. आठवडा गेला असेल. सकाळी मी डबा भरत होते, तेव्हा ओट्याशी उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या, "मृणाल, ते भांड्याकडे बघत नाहीत गं."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, कोणत्या भांड्याकडे? तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितलं. इतकी वर्षं त्या जे बघत आल्या होत्या ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लग्न झाल्यापासून एक दिवस असा नाही, की हात उचलायच्या आधी बाबांनी भांड्याकडे बघितलं नाही. तापात पडलेले असले तरच काय ते. दोन घास सोडायचे तर आधी ते हवे असायला लागतात. आता ते सोडत नाहीत, त्यांना नकोच असतं. एवढं बोलून आईंनी ओट्यावरचं फडकं उचललं आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

गेल्या सहा महिन्यांतली सगळी कौतुकं एकामागून एक डोळ्यांसमोर आली. त्यातल्या एकाही गोष्टीसाठी नियम लागला नव्हता. ज्याला भूकच नाही त्याला कसला संयम. मी सलीलला फोन करते म्हटलं, डॉक्टरांची वेळ घेऊ. आई म्हणाल्या की तसं केलं तर ते येणार नाहीत. उलट आणखी एक नियम काढतील. आधी मला विचारू दे.

त्या दुपारी आईंनी बाबांचं ताट वाढलं ते पूर्वीसारखं. भाकरी, पिठलं, लोणी, मुळ्याची कोशिंबीर. घरात मी होते, कारण मी ऑफिसला गेलेच नाही. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला, तोंडात घातला. चावत राहिले. ते नेहमीच नीट चावतात, पण हे चावणं वेगळं होतं. तो घास गिळायचा कसा, हे ते शोधत होते. आई समोर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "अहो, मला एकच सांगा. भूक लागते का तुम्हाला?"

बाबांनी घास गिळला, पाण्याचा घोट घेतला. म्हणाले की या वयात भूक कमीच असायची. आई म्हणाल्या की कमी का जास्त ते मी विचारत नाही, लागते का ते सांगा. त्यांचा आवाज चढला नव्हता. पण मी या घरात आल्यापासून आईंनी बाबांना एकच प्रश्न दोनदा विचारलेला पहिल्यांदाच ऐकला.

बाबांनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "नाही. चैत्रापासून नाही."

"आणि बोलला नाहीत?"

"मला वाटलं, नियम आणखी कडक पाळले की येईल परत." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांना पोट कसं सांभाळावं ते सांगतोय मी. माझंच पोट बिघडलंय, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

भूक नसेल तर पोटाला सुटी द्या. तेच ते करत होते. चैत्रात भूक गेली तेव्हा एक वेळ सोडली, आली नाही म्हणून दुसरी कमी केली, तरी आली नाही म्हणून नियमातली आणखी एक पायरी. घरातले आम्ही आणि बाहेरचे लोक त्यांना उपाशी राहण्याबद्दल हार घालत होतो, आणि हा माणूस त्या हारांखाली एकटा घाबरून बसला होता. मला तेव्हा रडू आलं. बाबांचं दुखणं काय आहे ते अजून कळायचंच होतं, त्यामुळे ते रडू त्याचं नव्हतं. त्या एकटेपणाचं होतं.

आईंनी त्यांच्यासमोरचं ताट उचललं. खा म्हणाल्या नाहीत. संध्याकाळी सलील आला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

तपासण्या झाल्या तेव्हा दुर्गापूजेचे दिवस आले होते. गल्लीत मांडव उभे राहत होते, ढाक वाजायला लागले होते, आणि प्रत्येक अहवाल हातात पडायला सुटीमुळे उशीर होत होता. पोटातच गाठ होती. डॉक्टर बंगाली होते, वयाने सलीलपेक्षा थोडे मोठे. हातची वेळ गेलेली नाही, पण लवकर आलात असंही म्हणता येणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. जठराचा मोठा भाग काढावा लागेल. सलीलने खिडकीकडे तोंड केलं. मग डॉक्टरांनी बाबांना विचारलं की भूक गेल्याचं घरात कुणाच्या लक्षात आलं. बाबांनी आईंकडे बोट केलं. आई मान खाली घालून पर्सचा पट्टा पिळत होत्या. डॉक्टर म्हणाले की बहुतेकांच्या घरात हे कुणाच्याच लक्षात येत नाही. दिलाशाचं बोलणं होतं ते, पण आईंना त्याचा काही दिलासा झालेला दिसला नाही.

शस्त्रक्रिया झाली. बाबा घरी आले ते अर्धे होऊन. आणि घरात नवे नियम आले, जे जुन्या प्रत्येक नियमाच्या डोक्यावर पाय देऊन उभे होते. भूक असो नसो, दर दोन-अडीच तासांनी थोडं खायचं. दिवेलागणीनंतरही खायचं, झोपण्याआधीही. एका वेळी वाटीभरसुद्धा नाही. भुकेची वाट बघायची नाही, कारण ती कधी येईल, येईल की नाही, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. बाबा घड्याळाकडे बघून तोंड उघडायचे आणि डोळे मिटायचे. एकदा मला म्हणाले की हे जेवण नाही मृणाल, हे नुसतं भरणं आहे.

पुढचे महिने आठवले की कानात एकच वाक्य येतं. दोन घास खा. आई सकाळी म्हणायच्या, दुपारी म्हणायच्या, मी घरात असले की मी म्हणायचे, आभा शाळेतून आल्या आल्या म्हणायची. जो माणूस आयुष्यभर दोन घास सोडत आला त्याच्या मागे आम्ही दोन घासांसाठी लागलो होतो. मंडळातून श्यामराव भेटायला आले, खुर्चीत अवघडून बसले, आणि निघताना तेही तेच म्हणाले. त्यांनी 'दोन घास' ही हाक त्यानंतर पुन्हा कधी मारली नाही.

पौषात एक दिवस बाबांनी वाटी बाजूला सारली. ओरडले नाहीत. नको म्हणाले, आता पुरे झालं, मला सोडा. त्यांचं म्हणणं फक्त त्या वाटीबद्दल नव्हतं, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. सलील काहीतरी समजूत घालायला पुढे झाला. आईंनी त्याला हाताने थांबवलं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या, वाटी मांडीवर घेतली. त्यांच्या बांगड्या आता पुन्हा सैल झाल्या होत्या. भांड्यात काही राहतच नव्हतं आणि राहिलं तरी त्यांना जात नव्हतं.

"तुम्ही सोडलेले दोन घास मी जन्मभर खाल्ले," आई म्हणाल्या. "एक दिवस नको म्हटलं नाही. आता माझ्यासाठी दोन तुम्ही खा."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग तोंड उघडलं. दोन घास घ्यायला त्यांना बराच वेळ लागला. त्या दिवसानंतर त्यांनी वाटी सारली नाही. जीव नकोसा झाला तरी खात राहिले, रोज, आईंसाठी. भूक मात्र आली नाही. दर महिन्याला डॉक्टर विचारायचे आणि बाबा मान हलवायचे. पाच-सहा महिने झाले की काही जणांना येते, असं डॉक्टर म्हणाले. काही जणांना.

पाडवा आला. गॅलरीत गुढी उभी केली, काकीमा बघायला आल्या आणि जाताना सवयीने पदराखालून कोवळ्या कडुलिंबाची जुडी देऊन गेल्या. आईंनी पाडव्याचा कडुलिंब गूळ, जिरं, मीठ घालून वाटला, आणि उरलेली पानं तुपात परतली. बाबा त्या दिवशी कित्येक महिन्यांनी आमच्याबरोबर खाली पाटावर नाही, पण टेबलापाशी तरी बसले. आभाने त्यांच्यासमोर तिच्या शाळेच्या डब्याएवढी छोटी ताटली ठेवली आणि डावीकडे मीठ, लिंबू नीट मांडलं. मऊ भात, त्यावर मेतकूट आणि तूप. एवढंच. बाकी पुरणावरणाचा स्वयंपाक आमच्यासाठी होता.

बाबांनी आधी कडुलिंबाची गोळी खाल्ली. तोंड वाकडं केलं. मग भात कालवला. आम्ही सगळे आपापल्या ताटात बघत होतो, कारण त्यांच्याकडे बघितलेलं त्यांना आवडत नाही हे आम्हाला आता कळलं होतं. पहिला घास, दुसरा, तिसरा. मधे आभा तिच्या वर्गातल्या कुणाबद्दल काहीतरी सांगत होती. मी पोळी मोडता मोडता सहज वर बघितलं. ताटलीत भात उरला नव्हता. बाबांचा हात ताटलीवर होता, आणि त्यांची नजर भाताच्या भांड्याकडे गेली होती.

क्षणभरच. पण गेली होती. मी आईंकडे बघितलं. त्यांच्या हातातली पळी तशीच थांबली होती. त्यांनी बघितलं होतं. आभा बोलायची थांबली. सलीलला काहीच कळलं नव्हतं, तो कोशिंबीर वाढून घेत होता.

"वाढू?" आईंनी विचारलं.

बाबांनी पुन्हा भांड्याकडे बघितलं. या वेळी आम्ही सगळे बघतोय हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या वाळलेल्या चेहऱ्यावर खूप जुनं काहीतरी परत आलं. हट्ट म्हणा, गंमत म्हणा.

"नको," ते म्हणाले. "दोन घास राहू देत."

डॉक्टरांचे नियम मला तोंडपाठ आहेत. खावंसं वाटलं तर आणखी द्यायचं, हेही त्यांत होतं. तरी मी पोळी मोडत राहिले. कितीतरी महिन्यांत त्या घरात पहिल्यांदाच कुणी बाबांना आग्रह केला नाही.

आईंनी स्वतःचं ताट पुढे ओढलं. भांड्यात खरवडून जेमतेम दोन घासच भात होता. तो त्यांनी आपल्या ताटात वाढून घेतला, वर तूप घेतलं नाही, मेतकूट घेतलं नाही. बाबा बघत होते. आई सावकाश जेवल्या.